मुलींचा इंजिनिअरिंग क्लब चालवायचाय? पहिल्या वर्षात काय काय करता येतं

आमच्या क्लबचा पहिला कार्यक्रम ८ मार्चला झाला. दारात रांगोळी, प्रत्येकीला गुलाब, पाहुण्या मॅडमचं पाऊण तासाचं भाषण, मग वडा आणि चहा. दीडशेच्या वर मुली होत्या. पुढच्या शनिवारी पहिली मीटिंग ठेवली तर आम्ही पाचजणी, आणि त्यातली एक माझ्याकडे रूमची किल्ली होती म्हणून आलेली.

मी मेकॅनिकलची, कोल्हापूर भागातल्या एका कॉलेजातली. वर्गात मुली नऊ. सेकंड इयरच्या शेवटापासून फायनलपर्यंत क्लब चालवला आणि चुका भरपूर केल्या. एक गोष्ट मात्र बरोबर जमली. हजेरीच्या वहीत नाव आणि सही यांच्यानंतर आम्ही तिसरा रकाना आखला: ‘हातात काय धरलं?’ पाना, वीज मोजायचा मल्टिमीटर, तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न, काहीही. ज्या कार्यक्रमानंतर हा रकाना रिकामा राहिला तो पुढच्या वर्षी यादीतून गेला. खालचे बहुतेक उपक्रम या गाळणीतून उरलेले आहेत.

## १. आधी दहा-बारा जणी, पोस्टर नंतर

लोगो, टी-शर्ट, इन्स्टाग्रामचं पान यात आमचा दीड महिना गेला. तुमचा घालवू नका. प्रत्येक ब्रँचच्या दोघी-तिघी गाठा आणि त्यात डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्या मुली हव्यातच. बारावीवरून आलेल्या आपण पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस कशी धरायची यावर अडतो, तेव्हा या मुलींनी लेथ मशीनवर जॉब (धातूचे भाग) कातून काढलेले असतात. वर्गात मात्र इंग्रजीमुळे गप्प बसतात. आमच्या पहिल्या तिन्ही प्रशिक्षक डिप्लोमावाल्याच होत्या.

वेळ ठरवताना गावाहून येणाऱ्यांना विचारा. आम्ही संध्याकाळी साडेपाचला मीटिंग ठेवायचो आणि ‘डे-स्कॉलर मुलींना इंटरेस्टच नाही’ म्हणून कुरकुरायचो. त्यांची एसटी सव्वापाचला सुटायची, हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. शनिवारी अकरा ते एक ही वेळ सगळ्यांना जमली.

मुलग्यांना घ्यायचं का? मदतनीस म्हणून जरूर घ्या, पण एका नियमावर. तो चौथ्या मुद्द्यात सांगते.

## २. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या कल्पना इथेच मरतात. एक फाइल करा आणि त्यात हे ठेवा:

- प्राचार्यांच्या नावे, एचओडींमार्फत (विभागप्रमुख) क्लबचा अर्ज
- फॅकल्टी कोऑर्डिनेटर मॅडमचं किंवा सरांचं संमतीपत्र
- वर्षाचे उपक्रम, एका पानात, तारखांसह
- अंदाजपत्रक (नाश्त्याचा आकडा वेगळा दाखवा, नाहीतर सगळंच कापलं जातं)
- लॅब वापरायची परवानगी, सोबत कोणते लॅब असिस्टंट थांबणार त्यांचं नाव
- बाहेरच्या भेटीसाठी: पालकांची संमतीपत्रं, आयकार्डांच्या झेरॉक्स, सोबत येणाऱ्या शिक्षकांचं नाव, कारखान्याचं होकाराचं पत्र, गाडीची माहिती
- बिलं, तारीखवार चिकटवलेली

प्रत्येक पत्राच्या दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. आमचं एक पत्र ‘आलंच नाही’ म्हणून भेट तीन आठवडे लांबली. पुढच्या वेळी शिक्क्याची प्रत दाखवल्यावर दहा मिनिटांत सही झाली.

आणि कागदावर कुणाचीही सही असो, लॅबची किल्ली शिपाई मामांकडे असते. शनिवारी थांबायचं आहे हे त्यांना गुरुवारीच सांगा, आणि चहा आल्यावर पहिला कप त्यांना.

तुमच्या कॉलेजात आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेची विद्यार्थी शाखा असेल तर तिच्याखाली ‘वूमन इन इंजिनिअरिंग’ गट काढता येतो. १९५० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘सोसायटी ऑफ वूमन इंजिनिअर्स’ हीसुद्धा मोठी संस्था आहे. ओळखी आणि वक्ते मिळतात, पण सदस्यत्वाला वर्गणी पडते. सुरुवात तिथून करू नका. सहा महिने स्वतः काही करा, मग अर्जात लिहायला काहीतरी असेल.

## ३. पहिला उपक्रम: बिघडलेली वस्तू घेऊन या

खर्च जवळजवळ शून्य, आणि गर्दी हमखास. हॉस्टेलच्या बोर्डावर चिठ्ठी लावा: ‘बंद इस्त्री, मिक्सर, टेबल फॅन आणा. आपण मिळून उघडू.’

आमच्याकडे पहिल्या दिवशी चार इस्त्र्या आल्या. मल्टिमीटर कसा वापरायचा हे दहा मिनिटांत सांगितलं आणि एकीला फळ्यावर गणित मांडायला लावलं: घरातल्या २३० व्होल्टचा वर्ग भागिले १००० वॅट, म्हणजे हजार वॅटच्या इस्त्रीचं एलिमेंट (आतली तापणारी तार) साधारण ५३ ओम रोध दाखवणार. बेसिक इलेक्ट्रिकलच्या पेपरात हेच सूत्र सगळ्यांनी पाठ लिहिलं होतं. मीटरवर ५२ आला तेव्हा गणित मांडणारी मुलगी मीटरकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘म्हणजे हे खरंच असतं?’

इथला नेहमीचा सापळा: इस्त्रीचं बटण ‘ऑफ’वर ठेवून तपासलं तर थर्मोस्टॅटचे (तापमान राखणाऱ्या स्विचचे) संपर्क उघडे असतात, मीटर काहीच दाखवत नाही, आणि चांगलं एलिमेंट जळालं म्हणून फेकलं जातं. बटण फिरवून पुन्हा तपासा. आमच्या चारपैकी एका इस्त्रीची फक्त वायर प्लगजवळ तुटलेली होती.

छताचा पंखा गुणगुणतो, ढकलल्यावर फिरतो, असं असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गेलेला असतो. घरगुती पंख्यात तो बऱ्याचदा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. मिक्सर ठिणग्या टाकत असेल तर आधी कार्बन ब्रश बघा.

सुरक्षेचे नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. कपॅसिटरला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायचा. जोडलेली वस्तू पहिल्यांदा सुरू करायची ती लॅब असिस्टंटच्या समोर, सिरीज बोर्डवर. वस्तूच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब असला की आत शॉर्ट असल्यास बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो, फ्यूज उडत नाही. मायक्रोवेव्ह आणि जुने डबा टीव्ही अजिबात उघडायचे नाहीत. त्यांच्यात बंद असतानाही जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

## ४. सोल्डरिंगचा शनिवार

सहा-सहा जणींच्या तुकड्या करा. एका वेळी चाळीस जणी बोलावून बारा संच दिले की काय होतं ते आम्ही पाहिलंय: बारा जणी करतात, अठ्ठावीस जणी फोटो काढतात.

लागणारं सामान, दर दोघींमागे एक संच (टेस्टरचे भाग आणि चष्मा मात्र प्रत्येकीला):

- २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न आणि स्टँड
- ६०-४० सोल्डर वायर (कथिल-शिशाची), फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावायचा लेप)
- ओला स्पंज
- डीसोल्डर पंप
- डॉट बोर्ड, बझर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, दोन प्रोब वायरी
- चष्मा (साधा सेफ्टी गॉगल पुरतो)

बनवायचं काय? कंटिन्यूटी टेस्टर, म्हणजे तार कुठे तुटली नाही ना हे सांगणारं अवजार. दोन टोकं जोडली की बझर वाजतो. अर्ध्या तासाचं काम, आणि प्रत्येकीला स्वतः केलेलं अवजार घरी नेता येतं. एलईडी चमकवण्यापेक्षा हे बरं, कारण पुढच्या शनिवारी तिसऱ्या मुद्द्यातल्या वस्तू तपासायला ती तेच घेऊन येते.

चांगला जोड चमकदार आणि शंकूसारखा दिसतो. गोळी बसल्यासारखा दिसला तर पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) तापलेलाच नाही. सोल्डर आयर्नवर वितळवून बोर्डावर ठिबकवू नका. आधी पॅड आणि भागाचा पाय दोन्ही तापवा, मग सोल्डरची तार लावा. फ्लक्सचा धूर होतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, आणि वायरमध्ये शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय कुणी डबा उघडायचा नाही.

आता मुलग्यांबद्दलचा नियम. पहिल्या शनिवारी मदतीला आलेला एक थर्ड इयरचा मुलगा, स्वभावानं अगदी चांगला. एका फर्स्ट इयरच्या मुलीचा जोड नीट बसेना. तो म्हणाला, ‘दे, मी करतो,’ आणि आयर्न घेतलं. जोड सुंदर झाला. तिचा बोर्ड पूर्ण झाला, बझर वाजला, टाळ्या पडल्या. वहीच्या तिसऱ्या रकान्यात तिनं काय लिहावं? ‘बोर्ड धरला.’ त्या दिवसापासून नियम: मदतनीसांचे हात पाठीमागे. तोंडानं कितीही सांगा, बोट दाखवायलाही हात पुढे आणायचा नाही. हा नियम आम्हा सीनियर मुलींनाही लागू होता आणि खरं सांगायचं तर आम्हालाच तो जास्त जड गेला.

## ५. पावसाळ्याचा प्रकल्प: बॅरलमधली पंचगंगा

हा माझा सगळ्यात आवडता. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येक घरी एक आकडा बोलला जातो: पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तुमच्या गावातही अशी एखादी नदी, तलाव किंवा पाण्याची टाकी असेलच. आकडे तिथले घ्या.

आम्ही ७० सेंटिमीटर उंच प्लास्टिकचा बॅरल घेतला आणि एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. वर आडव्या पट्टीवर एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर, खाली तोंड करून. सोबत अर्डुइनो उनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), तीन एलईडी, प्रत्येकीला २२० ओमचा रेझिस्टर आणि बझर. पाणी ३९ सेंटिमीटरला आलं की पिवळा दिवा, ४३ ला लाल आणि बझर. सेन्सर आवाजाची लहर सोडतो आणि ती परत यायला लागलेला वेळ मोजतो. मायक्रोसेकंदातल्या त्या वेळेला ०.०३४३ नं गुणून दोननं भागलं की सेंटिमीटरमध्ये अंतर मिळतं. सेन्सरच्या उंचीतून ते वजा केलं की पातळी.

खरी मजा सुरू होते ती आकडे नाचायला लागल्यावर. बादलीनं पाणी ओतलं की लाटा उठतात आणि पातळी ३८, ४४, ३७ अशी उड्या मारते, बझर किंचाळतो. मग कुणीतरी सुचवतं की दहा वाचनं घ्यावीत आणि मधलं धरावं. सरांनी सांगण्याआधी हे कुणाला सुचेपर्यंत थांबा, पंधरा-वीस मिनिटं गेली तरी चालतील. पुढचा प्रश्न तापमानाचा. हवेतला आवाजाचा वेग दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंद वाढतो. बॅरलमध्ये हा फरक जाणवत नाही, पण खऱ्या बंधाऱ्यावर तीन मीटर अंतर मोजताना २० अंशांचं गणित ३५ अंशांना वापरलं तर सात-आठ सेंटिमीटरची चूक होते.

दोन सापळे. हा सेन्सर पाणी सहन करत नाही, एक थेंब आणि खेळ खलास. आमचे दोन गेले, म्हणून जास्तीचे आणा. दुसरा: अर्डुइनोऐवजी ईएसपी३२ वापरणार असाल तर सेन्सरचा एको पिन ५ व्होल्ट देतो आणि बोर्डाला ३.३ च चालतात. मध्ये १ आणि २ किलोओमचा व्होल्टेज डिव्हायडर (दोन रेझिस्टरनी व्होल्टेज कमी करणारी जोडणी) घाला.

## ६. भेटी: आधी जवळ, मग लांब

मोठ्या कंपनीच्या काचेआडून रोबो बघण्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एक छोटी वर्कशॉप जास्त शिकवते. तिथे मालक स्वतः लेथवर उभा असतो आणि पाच जणींना चक (लेथवर जॉब धरून ठेवणारा भाग) घट्ट करू देतो. पाच-सहाच जणींनी जा.

त्यानंतर फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात भरपूर आहेत. आधी पत्र, मग फोन, मग पुन्हा फोन. निघण्याआधी कपड्यांबद्दल स्पष्ट लिहून द्या: पूर्ण सुती कपडे, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नाही. बिडाचा रस १४०० अंशांच्या आसपास ओततात. ठिणगी उडाली तर सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. हे कारण सांगा, नुसता नियम सांगू नका. ‘ओढणी नाही’ एवढंच ऐकलं की घरून प्रश्न येतात. कारण कळलं की आईच सुती शर्ट काढून देते. आमच्या पहिल्या भेटीत तिघी चपला घालून आल्या आणि गेटवरच्या बाकावर दोन तास बसल्या. चूक आमची होती, आम्ही ‘फॉर्मल्स’ एवढंच कळवलं होतं.

दिवसभराची सहल काढायची तर राधानगरी धरण. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की विजेशिवाय, पाण्याच्याच दाबानं उघडतात. पुण्यातल्या मुलींना खडकवासला जवळ आहे. ज्यांचा वाढदिवस आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन म्हणून पाळतो, त्या विश्वेश्वरय्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये तिथेच बसले. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते, फोटोंवर बंधनं असतात, आणि भर पावसात जाऊ नका. दिवाळीनंतर जा. जाण्याआधी दरवाजाचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून बघा, नाहीतर धरणावर फक्त सेल्फी होतात.

नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, विज्ञान दिनाला लोकांसाठी खुली असते. आम्हाला लांब पडली, जमलं नाही. नगर-पुणे-नाशिककडच्या मुलींनी सोडू नये.

## ७. वक्त्या बोलवायच्या तर

चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या, साइटवर किंवा शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्या ताया बोलवा. भाषण नको, प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर गोळा करा. आम्हाला आलेल्या चिठ्ठ्या: साइटवर टॉयलेट असतं का? नाइट शिफ्टला घरून कसं पटवलं? पाळीच्या दिवसात आठ तास उभं कसं राहता? पहिला पगार किती होता? हे प्रश्न हात वर करून कुणी विचारत नाही.

नाइट शिफ्टवरून चर्चा निघाली तेव्हा आम्ही १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६ वाचून दाखवलं. मूळ तरतूद बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवू नये अशी होती. मग तासभर वाद झाला. रक्षण की अडवणूक यावर एकमत झालं नाही आणि कोऑर्डिनेटर मॅडमनी तसंच सोडून दिलं.

अभियंता दिनाच्या पोस्टरवर विश्वेश्वरय्यांशेजारी ए. ललिता यांना जागा द्या. अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर मुलगी, आणि तरी चेन्नईच्या गिंडी कॉलेजातून १९४० च्या दशकात इलेक्ट्रिकलची पदवी. पुढे त्यांनी भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामातही हातभार लावला. मराठी विकिपीडियावर अशा स्त्री अभियंत्यांची पानं तपासून भर घालणं हाही एका दुपारचा चांगला उपक्रम आहे, फक्त संदर्भ असेल तेवढंच लिहा.

## ८. स्पर्धा, आणि ‘एक मुलगी हवी आहे’

स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी लागते. नियम चांगला आहे. पण फॉर्मची तारीख जवळ आली की क्लबच्या ग्रुपवर मेसेज येतात: ‘कुणी फ्री आहे का, फक्त नाव टाकायचंय, काम काही नाही.’ आमच्या एका ज्युनियरनं असं नाव दिलं. टीम पुढे गेली, आणि परीक्षकांनी नेमकं तिलाच विचारलं की डेटाबेस कोणता वापरलाय. तिला माहीत नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री रूमवर येऊन ती रडली.

त्यानंतर आम्ही ठरवलं: क्लबमधून नाव हवं असेल तर तिच्याकडे कोणता भाग येणार ते आधी लिहून द्या. दोन टीमनी लगेच दिलं. एकीनं परत मेसेजच केला नाही. त्याच वर्षी आम्ही सहाही मुलींची टीम उतरवली. कॉलेजच्या फेरीतच हरलो, पण कोड सगळ्यांना माहीत होता.

## ९. शाळेत जा

आठवी-नववीचे वर्ग, मराठी माध्यम, गावातली शाळा. पीपीटी नेऊ नका. बॅरल न्या. पाणी ओतायला मुलींनाच बोलवा, बझर वाजला की वर्ग आपला.

पालक भेटले तर त्यांचा पहिला प्रश्न फीचा असतो. हे पाठ ठेवा: राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५ पासून लागू झाली. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढायला सांगा, तहसीलला जूनमध्ये काय रांग असते ते तुम्हाला माहीतच आहे.

## १०. तारखा, पैसे, किल्ली

२३ जून हा स्त्री अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस. आपल्याकडे तेव्हा परीक्षा किंवा सुट्टी, त्यामुळे त्यावर मोठं काही बेतू नका. १५ सप्टेंबर, ११ फेब्रुवारी (विज्ञानातील मुली आणि स्त्रियांचा दिवस) आणि २८ फेब्रुवारी सोयीचे. ८ मार्चला कॉलेज कार्यक्रम करणारच असतं. त्यात अर्धा तास मागून घ्या आणि स्टेजसमोर बिघडलेल्या वस्तूंचं टेबल मांडा. सबमिशनच्या दोन आठवड्यांत काहीही ठेवू नका, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलेली मुलगी परत येत नाही.

पैशांसाठी आम्ही गॅदरिंगला मिसळीचा स्टॉल लावला आणि त्यातून मल्टिमीटर घेतले. हिशेब बोर्डावर लावा, पाच रुपयांच्या सुट्ट्यांसकट.

हस्तांतर फायनलच्या शेवटच्या पेपरआधी करा. सेकंड इयरच्या दोघींना बोलवा, कपाट उघडा, सामान मोजा, खराब आयर्न बाजूला काढा, शिक्क्यांची फाइल आणि तीन रकान्यांची वही द्या. किल्ली एकाच मुलीकडे ठेवू नका. माझ्यानंतर जिच्याकडे होती ती दिवाळीत किल्ली घरी घेऊन गेली, आणि तीन शनिवार कपाट उघडलंच नाही.